बाथच्या आसपास चालायला जाताय? आधी परतीचं ठरवा, मग ट्रेल

इंग्लंडमधलं बाथ बघायला आपली बरीच मंडळी जातात, रोमन बाथ्स आणि रॉयल क्रेसेंट झालं की दुपारी प्रश्न येतो, आता काय. मग कोणीतरी फोनवर शोधतं, "इझी वॉक निअर मी", फोटोत हिरवी कुरणं, मेंढ्या, कॅनॉलवरच्या रंगीत बोटी, आणि सगळे निघतात. तीन तासांनी पांढरे स्नीकर्स चिखलात, आईचा गुडघा धरलेला, अंधार पडत आलाय आणि जवळची बस एका तासाने.

डोंगर नाही, कडा नाही, जंगल तर अजिबात नाही. म्हणूनच लोक फसतात. सह्याद्रीत ट्रेक केलेले तर जास्तच, कारण "हरिश्चंद्रगड केलाय, हे काय" असं डोक्यात असतं. सोपं आहेच, पण इथल्या सोप्या वाटेचे स्वतःचे नियम आहेत आणि कामं उलट्या क्रमाने केली तर सोपी वाटही अंगावर येते. खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका.

१. परत कसं येणार ते सगळ्यात आधी

सगळे ट्रेल निवडतात आणि मग परतीचं बघतात. तसं नको. आधी हे ठरवा की चालणं संपेल तिथून शहरात यायला काय आहे: ट्रेन, बस, की वाट गोल फिरून आपोआप सुरुवातीलाच येते. बाथच्या बाबतीत तीन उत्तरं आहेत, आणि तीन उत्तरांचे तीन ट्रेल.

कॅनॉलची वाट: केनेट अँड एव्हन कॅनॉलच्या काठाने बाथहून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत, साधारण १५-१६ किमी. तिथून ट्रेनने पंधराएक मिनिटांत बाथ. मध्येच थकलात तर फ्रेशफर्ड आणि एव्हनक्लिफ ही दोन छोटी स्टेशनं वाटेजवळ आहेत. आई-बाबा भारतातून आलेत, लहान मुलं आहेत, पहिलीच वेळ आहे, तर हीच घ्या.

स्कायलाइन: नॅशनल ट्रस्ट (वारसास्थळं आणि निसर्ग जपणारी संस्था) यांची खुणा केलेली गोल वाट, ६ मैल म्हणजे १० किमीच्या आसपास, शहराच्या पूर्वेच्या टेकड्यांवरून. परतीचा प्रश्नच नाही. चढ मात्र आहे.

कॉट्सवोल्ड वेचा शेवटचा तुकडा: हा १०२ मैलांचा नॅशनल ट्रेल चिपिंग कॅम्डनहून येऊन बाथ ॲबी या शहराच्या मधल्या जुन्या चर्चपाशी संपतो. पूर्ण करायची गरज नाही, लॅन्सडाउनच्या पठारावरून ॲबीपर्यंतचा ९-१० किमीचा उतार घ्या. वर बसने जायचं, चालत खाली यायचं. उलटं, म्हणजे शहरातून वर चढत गेलात, तर दमल्यावर पठारावर वाऱ्यात बसची वाट बघत उभं राहावं लागतं, त्यात मजा नाही.

चेक: परतीच्या शेवटच्या दोन ट्रेन किंवा बसच्या वेळा लिहून ठेवा. शेवटची एकच नाही, दोन. रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं आणि रुळांची कामंही बहुतेक वीकेंडलाच निघतात, म्हणून आदल्या रात्री परत बघा.

२. उजेडाचा हिशोब

आपल्याकडे वर्षभर साधारण सहा ते सातच्या मध्ये सूर्य मावळतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्या डोक्यातच नसते. बाथमध्ये जूनच्या शेवटी साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि डिसेंबरमध्ये चारलाच अंधार. नोव्हेंबर ते जानेवारीत "जेवून निघू" म्हणजे अंधारात परत येऊ.

वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: दर ५ किमीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्या फिट माणसाचा. स्कायलाइनला या हिशोबाने अडीच तास येतात, घरच्या लोकांसोबत, फोटो, डबा, "जरा टेकूया" वगैरे धरून चार धरा. मग सूर्यास्ताच्या एक तास आधी संपेल असं उलटं मोजत या, जी वेळ निघेल ती तुमची निघायची वेळ.

आणि एक साधी गोष्ट जी नव्वद टक्के गोंधळाला पुरते (हा आकडा माझा आपला अंदाजपंचे): पाट्यांवरचे आकडे मैलात असतात. "३" बघून तीन किलोमीटर समजू नका, ते जवळपास पाच आहेत.

३. नकाशा, आणि गूगल मॅप्स का नको

गूगल मॅप्स शहरात उत्तम. शेतातून जाताना तो तुम्हाला हमखास गाडीरस्त्यावर नेतो, आणि इथले आतले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना उंच झाडीचं कुंपण, फुटपाथ नाही, वळणावर गाडी दिसत नाही. शेतातल्या वाटेपेक्षा तो रस्ता जास्त धोकादायक.

इंग्लंडमध्ये खाजगी शेतातूनही चालायचा कायदेशीर हक्क असतो, पण फक्त ठरलेल्या वाटेवर. त्या वाटा ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ओएस, ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) नकाशावर दिसतात. बाथसाठी एक्सप्लोरर मालिकेतला १५५ नंबरचा नकाशा, ब्रॅडफर्डकडच्या भागासाठी १५६. स्केल १:२५,०००, म्हणजे नकाशावर ४ सेमी म्हणजे जमिनीवर १ किमी. हिरव्या तुटक रेषा म्हणजे चालायच्या वाटा. कागदी नको असेल तर ओएस मॅप्सचं ॲप घ्या, पण नकाशा घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, दऱ्यांमध्ये काही ठिकाणी सिग्नल जातो आणि नेमका तिथेच फाटा असतो.

प्रत्यक्ष वाटेवर खांबांवर गोल चकत्या असतात, त्यांचे रंग पाठ करा:

पिवळा बाण: फक्त चालणाऱ्यांसाठी.
निळा बाण: चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार.
लाल बाण: गाड्याही येऊ शकतात, कान उघडे ठेवा.
ओकच्या फळाचं, म्हणजे एकॉर्नचं चिन्ह: नॅशनल ट्रेल, इथे कॉट्सवोल्ड वे.

सावधान: बाण ज्या कोनात आहे त्या कोनात शेत ओलांडायचं असतं. लोक बाण बघतात आणि पायाखाली जी मळलेली वाट दिसते ती धरतात, ती बरेचदा गुरांची असते आणि पाण्याच्या टाकीपाशी संपते. गेटमधून आत आलात की थांबा, पलीकडच्या कुंपणात पुढचं गेट शोधा, मग चाला. पंधरा मिनिटांत एकही चकती दिसली नाही तर पुढे जाऊन "लागेल कुठेतरी" करू नका, शेवटच्या चकतीपर्यंत मागे या. सह्याद्रीत वाटेत गुराखी भेटतो, वाडीवर कोणीतरी सांगतं, इथे तासभर चिटपाखरू भेटत नाही.

४. पायात काय, पाठीवर काय

बूट. यावर वाद घालू नका. पकड असलेले, शक्यतो वॉटरप्रूफ, आणि आधी वापरलेले. नवे बूट पहिल्यांदा १५ किमीला घातले तर पाचव्या किलोमीटरला टाचेला फोड. ऑक्टोबर ते एप्रिल गेटांपाशी गुरांनी तुडवलेला घोट्यापर्यंत चिखल असतो, उन्हाळ्यात तो कमी, पण उतारावरचं ओलं गवत बुळबुळीत होतं आणि माणसं पडतात ती बहुतेक उतारावरच.

जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर ओली आणि जड. पूर्ण पाय झाकणारी, पटकन वाळणारी पँट घ्या, उन्हाळ्यातसुद्धा, कारण वाटेच्या दोन्ही बाजूंना नेटल असतं. नेटल म्हणजे आपल्या खाजकुयलीची गोरी चुलत बहीण, पान लागलं की आग आग. आईला साडीत चालायची कितीही सवय असली तरी या वाटांवर सलवार किंवा ट्रॅक पँटच बरी, कुंपण ओलांडताना साडी अडकते.

वर तीन थर: आत टी-शर्ट, मध्ये फ्लीस, बाहेर पावसाचं जॅकेट. छत्री शहरातच ठेवा, लॅन्सडाउनच्या वाऱ्यात ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते.

सॅकमध्ये: माणशी किमान एक लिटर पाणी, डबा, फोडांसाठी प्लास्टर, टॉर्च (फोनचा नव्हे), पॉवर बँक, जादा मोजे, कचऱ्यासाठी पिशवी. डब्याचं मुद्दाम सांगतो, कारण "वाटेत पब आहे, तिथे खाऊ" हा प्लॅन फार जणांचा फसतो. बऱ्याच पबचं किचन दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि एकदम संध्याकाळी उघडतं, मधल्या वेळात चिप्सचं पाकीट मिळेल. रविवारी जेवण दुपारभर असतं पण टेबल आधीच बुक झालेलं. त्यामुळे दशम्या, थेपले, पोळीचा रोल, चिक्की, काहीही घ्या, पण घरून घ्या. पबात गेलात तर चिखलाचे बूट दारात काढायचे की नाही ते विचारा, कोणी रागावत नाही.

चेक: निघायच्या आधी मेट ऑफिसचा, म्हणजे तिथल्या हवामान खात्याचा, तासातासाचा अंदाज बघा, आणि पावसाइतकंच वाऱ्याकडे लक्ष द्या.

५. शहरात पोचणं

ट्रेनने या. लंडन पॅडिंग्टनहून साधारण दीड तास, ब्रिस्टलहून पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर. मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड एकाच ट्रिपमध्ये बरेचदा वसूल होतं, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट.

गाडीनेच यायचं असेल तर शहरात पार्किंग शोधत फिरू नका, पार्क अँड राइड (शहराच्या कडेला गाडी लावायची, बसने आत जायचं) तीन आहेत: लॅन्सडाउन, न्यूब्रिज आणि ऑड डाउन. कॉट्सवोल्ड वेच्या तुकड्यासाठी लॅन्सडाउनला गाडी लावली की वर असल्यामुळे तिथूनच चालायला सुरुवात करता येते आणि संध्याकाळी पार्क अँड राइडच्या बसने परत गाडीपाशी, फक्त त्या बसची शेवटची वेळ आधी बघा. खेड्यातल्या अरुंद रस्त्यावर शेताच्या गेटसमोर गाडी लावणं हा शुद्ध आगाऊपणा आहे, ते गेट रिकामं दिसलं तरी ट्रॅक्टर कधीही येतो.

६. प्रत्यक्ष चालणं: कॅनॉल

बाथ स्पा स्टेशनच्या मागच्या बाजूने बाहेर पडा (पुढच्या नव्हे, इथेच पहिली चूक होते आणि लोक ॲबीकडे जातात), नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की विडकम, आणि तिथे कॅनॉलची सुरुवात. पहिला थोडा भाग लॉक्सच्या (बोटी वर-खाली करायचे दारांचे पाण्याचे हौद) बाजूने चढतो, त्यातलं बाथ डीप लॉक जवळपास ६ मीटर खोल आहे आणि काठाला कठडा असेलच असं गृहीत धरू नका, मुलांचा हात सोडू नका. लॉक्स संपले की पुढे शेवटपर्यंत सपाट.

बाथॅम्प्टन, मग क्लॅव्हर्टन, मग डंडास ॲक्विडक्ट, जिथे कॅनॉल चक्क नदीवरून पुलाने पलीकडे जातो. बाथपासून इथवर साधारण ८ किमी. थांबून खायला चांगली जागा, आणि निर्णयाचीही. कोणाचे पाय दुखायला लागले असतील तर आत्ताच बोलून टाका, पुढे फ्रेशफर्डला किंवा एव्हनक्लिफला ट्रेन धरा.

एव्हनक्लिफचं एक वेगळं आहे. ते रिक्वेस्ट स्टॉप आहे, म्हणजे प्लॅटफॉर्मवर उभं राहून ड्रायव्हरला दिसेल असा हात केला नाही तर ट्रेन थांबत नाही. अगदी आपल्या एसटीला करतो तसा हात. प्लॅटफॉर्म छोटा, त्यामुळे सगळे दरवाजे उघडत नाहीत, आणि तिथे उतरायचं असेल तर गाडीत चढल्याचढल्या गार्डला सांगायचं.

चालत पुढे जाणार असाल तर एव्हनक्लिफलाच टोपाथ (कॅनॉलकाठची पायवाट) बाजू बदलतो, तिथल्या दुसऱ्या ॲक्विडक्टच्या खालून जाऊन पलीकडे यावं लागतं. सरळ चालत राहिलात तर वाट संपते. तिथून ब्रॅडफर्ड अडीच किलोमीटरच्या आत.

सावधान: हा टोपाथ नॅशनल सायकल रूट ४ सुद्धा आहे. सगळ्या कुटुंबाने हात धरून आडवी रांग करू नका, बेल वाजली की एका बाजूला व्हा, आणि शक्यतो एकाच बाजूला, अर्धे इकडे अर्धे तिकडे झाले की सायकलवाला पाण्यात जायचा बाकी राहतो. बोटींमध्ये माणसं राहतात, खिडकीतून आत डोकावून फोटो काढू नका.

बाबागाडी फक्त याच वाटेवर न्या. किंवा पाऊसच असेल तर टू टनेल्स ग्रीनवे, जुन्या रेल्वेमार्गावरची पक्की वाट. तिथला कूम डाउन बोगदा १,६७२ मीटर लांब आहे, आत दिवे आहेत, पण भर उन्हाळ्यातही गार, जॅकेट घाला.

७. प्रत्यक्ष चालणं: टेकड्या

स्कायलाइनला सगळा त्रास पहिल्या अर्ध्या तासात आहे. नदीकाठच्या शहरातून बाथविक हिल चढायची, दीडशे मीटरच्या वर चढ, तोही डांबरी रस्त्यावर. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी युनिव्हर्सिटीकडे जाणारी बस घ्या आणि वरूनच वाट धरा, गोल असल्यामुळे कुठूनही सुरू केली तरी चालते. नॅशनल ट्रस्टचा नकाशा फोनवर उतरवून ठेवा, वाट झाडीत शिरते-निघते तिथे चकती सुटते. आणि खाली उतरताना शहर समोर दिसायला लागलं की लोक वाट सोडून थेट गवतावरून उतरतात, पाय मुरगळायची जागा तीच.

लॅन्सडाउनहून येताना रेसकोर्सच्या कडेने प्रॉस्पेक्ट स्टाइल या जागेपाशी या. सगळ्या वाटेतलं सर्वात मोकळं दृश्य इथे आहे, समोर केल्स्टन राउंड हिल, माथ्यावर झाडांचा झुबका. ती टेकडी चढायचा मोह होतो, चढा, पण कॉट्सवोल्ड वे तिच्या बगलेतून जातो, माथ्यावरून नाही, म्हणून खाली उतरून परत एकॉर्नची चकती सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग वेस्टन गाव, मग परत थोडा चढ (उतार म्हणालो तरी हा एक आहेच, घरच्यांना आधी सांगून ठेवा), रॉयल क्रेसेंटवरून ॲबी.

८. गेट, स्टाइल आणि गुरं

गेट जसं सापडलं तसं सोडा. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडंच, कधी कधी गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून शेतकऱ्याने मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. ग्रुपमध्ये शेवटचा माणूस कोण ते ठरवा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं मागचा लावेल.

किसिंग गेटमध्ये (छोट्या कठड्याच्या आत झुलणारं फाटक) एकावेळी एकच माणूस, मोठी सॅक असेल तर काढून हातात. स्टाइल म्हणजे कुंपणावरून चढून उतरायच्या लाकडी किंवा दगडी पायऱ्या, ओल्या असतात, खांब धरून चढा आणि उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवा, शिडी उतरतो तसं.

आता गाई. आपण गाईला घाबरत नाही, उलट जवळ जाऊन हात लावतो, वासराचा फोटो काढतो, आणि हीच इथली सगळ्यात धोक्याची सवय. ही गुरं मोकळ्या कळपात वाढतात, माणसाच्या हाताची सवय नसते, आणि वासरू बरोबर असेल तर गाय अंगावर येते. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. कळप वाटेवरच बसला असेल तर लांबून वळसा घाला, ओरडू नका, पळू नका, शांत चालत राहा. कुत्रा असेल तर जवळ लहान पट्ट्यावर, पण गुरं मागे लागली तर पट्टा सोडून द्या, त्यांना कुत्रा हवा असतो, तुम्ही नाही, आणि कुत्रा तुमच्यापेक्षा जोरात पळतो. तरुण बैल-कालवडी नुसत्या कुतूहलानेही धावत येतात, वळून त्यांच्याकडे तोंड करून हात पसरले की बहुतेक थांबतात.

पिकातून वाट असेल तर एका ओळीत. मोहरीच्या पिवळ्या शेतात आत शिरून रील काढायची असेल तर काढू नका, ते कोणाचं तरी वर्षाचं पीक आहे. आणि संत्र्याची, केळ्याची सालंही पिशवीत, "कुजून जाईल" म्हणून टाकलेली सालं आठवडेच्या आठवडे तशीच पडून असतात.

९. काही झालंच तर

९९९ किंवा ११२. तुम्ही कुठे आहात हे सांगायला ओएस ॲपमधला ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या जागेचा अक्षर-आकड्यांचा कोड) वाचून दाखवा, "एका शेतात आहोत, मेंढ्या आहेत" याने काही होत नाही. एसएमएसने मदत मागायची सोयही आहे, पण त्यासाठी आधी ९९९ वर "रजिस्टर" हा शब्द इंग्रजीत एसएमएस करून नोंदणी करावी लागते, घरीच करून ठेवा.

१०. परत आल्यावर

अंघोळीच्या आधी गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी, मुलांच्या केसांत गोचीड बघा, उंच गवतातून आल्यावर तर नक्की. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा, तेल, काडेपेटी असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरत जाणारा चट्टा आला किंवा ताप-अंगदुखी वाटली तर जीपीला (तिथल्या फॅमिली डॉक्टरला) दाखवा आणि गोचीड चावल्याचं सांगा, लाइम रोग असू शकतो. भारतात परत गेल्यावर लक्षण दिसलं तर डॉक्टरला इंग्लंडमध्ये गवतातून चालल्याचं मुद्दाम सांगा, ते स्वतःहून विचारणार नाहीत.

बूट हीटरवर वाळवू नका, तळ सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबा, सकाळी बदला.